वाघवाल्याची पेटी

मार्कंड्याच्या जत्रेत मी आयुष्यात एकदाच मनासारखी खरेदी केली. ती कशाची आणि तिचं पुढं काय झालं हे सांगायला लागले की ऐकणारे हसतात. हसण्यासारखंच आहे म्हणा. मी मात्र अजून हसलेले नाही.

आमचं गाव सावलीपासून बरंच आत, जंगलाच्या कडेला. धानाची शेती, एक तलाव, चौथीपर्यंतची शाळा आणि तिचे एकुलते एक गुरुजी. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. माझा मामा चांद्याला रेल्वेत कामाला होता. गाडी रिकामी झाली की लोक डब्यात विसरून गेलेली मासिकं, साप्ताहिकं तो गोळा करून ठेवी आणि सणावाराला आमच्याकडे आला की गठ्ठाच्या गठ्ठा माझ्यापुढं टाकी. त्यातल्या एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर चित्रकथा यायची. चौकोनाचौकोनात चित्रं आणि माणसांच्या तोंडातून निघालेल्या फुग्यांत त्यांचं बोलणं. तिचा नायक वाघावर बसून हिंडायचा. लाल अंगरखा, फेट्याला तुरा, कमरेला चाबूक आणि पायांत गुडघ्यापर्यंत काळे बूट. कथेत त्याला चांगलं भारदस्त नाव होतं, पण आम्ही शाळेतली पोरं त्याला नुसतं वाघवाला म्हणायचो.

त्याचा वाघ दूध प्यायचा. माणसाला शिवत नसे. ही कथा लिहिणाऱ्यानं वाघ बहुतेक सर्कशीत पाहिला असावा. आमच्याकडे दिवस मावळल्यावर वाघाचं नावसुद्धा घेत नसत, 'मोठा' म्हणत. गावातल्या पोरांना ते दूध पिणं फार विनोदी वाटायचं. मलाही वाटायचं, तरी वाघवाला मला आवडायचा. तो कुठंही जायचा. एका अंकात डोंगर, दुसऱ्यात समुद्र, तिसऱ्यात कुठल्या तरी राजाचा तळघरातला खजिना, आणि कुणी त्याला विचारत नसे की बाबा रे, तू घरी कधी येणार. मी तेव्हा तलावापलीकडे एकटी जाऊ शकत नव्हते.

मग सावलीच्या बाजारात पेपरमिंटच्या गोळ्यांचे पुडे आले. पुड्यावर वाघवाला, आणि आत गोळ्यांबरोबर वाघवाल्याचं एक रंगीत चित्र. प्रत्येक पुड्यात वेगळं. कधी तो वाघावर, कधी पुलावरून उडी मारताना, कधी दरोडेखोरांच्या मानगुटीवर. आम्ही पोरं या चित्रांनी खुळावलो. गोळ्या कुणाला हव्या होत्या? बा बाजाराला निघाला की मी त्याच्या मागं मागं वेशीपर्यंत जायची. बा म्हणजे माझे वडील. सबंध पंचक्रोशीत त्यांना भला माणूस म्हणत, आणि ते होतेच. कुणावर ओरडणं नाही, कुणाशी भांडण नाही, कुणाला तोंडावर नाही म्हणणं नाही. बा पुडा आणीन म्हणायचा आणि आणायचासुद्धा, निदान एखाद्या वेळी. शाळेत अदलाबदली चालायची. पोरांशी हुज्जत घालून, प्रसंगी त्यांची गणितं सोडवून देऊन मी चित्रं जमवली. माझ्याइतकी चित्रं गावात कुणाकडे नव्हती. माय म्हणायची, "हे पोट्टी येडी हाये. कागदं जमवून राह्यली." शेजारच्या बायाही तेच म्हणायच्या. गावात मी वेडी म्हणून बऱ्यापैकी नावाजलेली होते.

लवकरच नकली चित्रंही आली. कुणीतरी दुसऱ्याच पुड्यात तसलाच लाल अंगरख्यावाला घालून विकायला लागलं. पोरं फसायची, मी फसत नसे. नक्कल करणाऱ्यांनी घाईघाईत बूट रंगवलेच नव्हते. त्यांचा वाघवाला अनवाणी असायचा. बूट पाहायचे आणि मग चित्र घ्यायचं, हा माझा नेम.

मी चौथीला होते. गुरुजींचं म्हणणं होतं की मी पुढं शिकावं. पुढची शाळा सावलीला, आणि सावलीला माझी आत्या होती. तिनं कबूल केलं होतं, पोरगी राहील माझ्याकडे, भांडी घाशील आणि शाळेत जाईल. मायला ते पसंत नव्हतं. मामानं मात्र उचलून धरलं. चांद्याला त्यानं शिकलेल्या पोरी पाहिल्या होत्या, पोस्टात, दवाखान्यात. महाशिवरात्रीला मार्कंड्याला सगळे जमलो तेव्हा वैनगंगेच्या रेतीवर गोवऱ्यांच्या आरात कणकेचे पानगे भाजत होते आणि मामानं बाला सरळ विचारलं, "भाऊजी, पोरगी जाईन का नाई सावलीले?"

"जाऊ दे नं," बा म्हणाला. "मी कुठी नाई म्हनतो?"

मामा खूश झाला. "चाल वं," मला म्हणाला, "तुह्या शाळेसाठी का पाहिजे ते घेऊ."

जत्रेत नागपूरकडच्या एका माणसाचं दुकान लागलं होतं. दुकान कसलं, वर ताडपत्री आणि खाली एक लांब फळी. त्या फळीवर माझा वाघवाला नुसता मांडून ठेवला होता. वाघवाल्याचे कागदी मुखवटे, वाघवाल्याचे बिल्ले, वाघवाल्याच्या शिट्ट्या, छापील रुमाल, भिंगऱ्या, एक पत्र्याचा वाघ चावी दिली की मान हलवायचा. माझे पाय रेतीत रुतून बसले. चित्र हातात आलं तरी दिवसभर मी पाहात बसायची, आणि इथं तो असा ढिगानं पडला होता. दुकानदार मला पाहून हसला. त्याला गिऱ्हाईक कळत होतं. "ले लो बेटी," तो म्हणाला, "मुखवटा घे, पोरं डरतील तुले."

मला मुखवटाही हवा होता, चावीचा वाघही हवा होता. पण मामानं शाळेसाठी म्हटलं होतं आणि मी लबाड होते. फळीच्या टोकाला पेट्या होत्या. पाटी, पुस्तक, दौत मावेल एवढी पत्र्याची पेटी, वर धरायला कडी आणि झाकणावर वाघावर बसलेला वाघवाला. दप्तराची पेटी! शाळा ती शाळा आणि वाघवाला तो वाघवाला. मी एक पेटी उचलली. अनवाणी. ठेवली. दुसरी उचलली, तीही अनवाणी.

"हे नकली हाये," मी म्हटलं.

दुकानदार चमकला. मामाही चमकला. "बूट कुठी हायेत याले? असली असन तं दाखवा," मी म्हटलं.

दुकानदार फळीखाली वाकला आणि चिंधीत गुंडाळलेली एक पेटी काढली. हिरवा पत्रा, पिवळाधमक वाघ आणि त्याच्या पोटाशी दोन्ही बाजूंनी दाबून धरलेले ते काळे चकचकीत बूट. मामानं घासाघीस केली असेल, मला आठवत नाही. पेटी माझ्या हातात आली एवढं आठवतं. परतताना बैलगाडीत मी ती मांडीवर घेऊन बसले, आणि कुणी हात लावू लागलं की अंगावर जायची. माझा लहान भाऊ सारखा रडत होता. त्याला कडी तेवढी वाजवू दिली.

सावलीच्या शाळेला अजून अवकाश होता. मी पेटीत चित्रं नीट लावून ठेवली, पाटी ठेवली, गुरुजींनी दिलेलं एक जुनं पुस्तक ठेवलं, आणि पेटी घरातल्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी मांडली. मिरवायला नको का? मिरवायची हौस नडली, असं मागं मला वाटायचं. आता तसंही वाटत नाही.

होळीच्या सुमारास मोह गळायला लागतो. बाया झुंजुरकाच, उजाडायच्या आधी, उठून टोपल्या घेऊन जंगलात जातात आणि झाडाखाली वाकून, बसून फुलं वेचतात. माझी माय आणि शेजारची काकी जोडीनं जायच्या. एका सकाळी माय एकटी धावत आली. टोपली नाही, पदर नाही. काकीला वाघानं नेलं होतं. वाकून बसलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं म्हणतात. माय तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, पाठमोरी वेचत होती. तिला काही ऐकूसुद्धा आलं नाही. पुष्कळ दिवस ती एवढंच बोलायची, "मले काऊन ऐकू नाई आलं?" घरात कुणाच्या हातून भांडं पडलं तरी ती उभी राहायची.

त्या वर्षी मोह तसाच झाडाखाली सडला. गाव हादरलं होतं. गावाच्या सीमेवर, जंगलाकडे तोंड करून वाघोबाचं ठाणं होतं. सागाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र, सगळं शेंदरानं माखलेलं. काकीला नेल्यावर लोक तिकडे गेले, तर फळीला आतून उधई, म्हणजे वाळवी, लागलेली. हात लावला आणि देव भुग्याभुग्यानं खाली आला. आता गाव उघडंच पडलं म्हणायचं.

नवा वाघोबा बसवायचा तर भूमकानं बसवायचा. भूमक म्हणजे गावदेवाची पूजा करणारा, गोंडांपैकी एक म्हातारा, हडकुळा, कमी बोलणारा. तो आणि गावातले चार लोक घराघरातून तांदूळ, हळद गोळा करत फिरत होते. आमच्या घरी आले. मायनं सुपात तांदूळ आणले. भूमकानं मान वर केली आणि तो फळीकडे पाहातच राहिला.

"देव तं तुमच्या घरी येऊन बसला हाये," तो म्हणाला, "अन् आम्ही गावभर फिरून राह्यलो."

सगळ्यांनी वर पाहिलं. हिरव्या रानात पिवळा वाघ आणि त्यावर लाल अंगरख्यातला स्वार. कुणीतरी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले.

मी हात जोडले नाहीत. मी म्हटलं, "हा देव नाई. हा गोळ्यांच्या पुड्यावरचा वाघवाला हाये. कागदात येते याची गोष्ट."

भूमक माझ्यावर रागावला नाही. उलट समजूतदारपणे म्हणाला, "कागदात येते म्हून देव नाई का वं, बाई? दुकानदार कॅलेंडर देते, त्याच्यावर बी देवच छापले असते नं?"

"पन याले बूट हायेत!" मी म्हटलं. माझ्याजवळ तो एकच मुद्दा होता.

"रानात वाघासंग फिराचं. काटे नाई लागन का त्याले?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तोवर मी वादात हरल्याचं मला आठवत नाही, गावात माझी जीभ प्रसिद्ध होती. त्या दिवशी हरले. खरं सांगायचं तर त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. कॅलेंडरवरचं चित्र पाहून गुरुजींना हात जोडावेसे वाटायचे, पुड्यातलं पाहून मला, पेटीवरचं पाहून त्याला. त्याचा दोष काय?

भूमकानं पेटी मागितली नाही. तो नुसता उभा राहिला. मायनं स्वतः पेटी खाली काढली. मी तिच्या हाताला लोंबकळले तर तिनं कोपरानं मला बाजूला केलं, पेटी उघडली, माझी पाटी, पुस्तक, सगळी चित्रं सुपात ओतली आणि रिकामी पेटी भूमकाच्या हातात दिली. "घेऊन जा," म्हणाली. "लेकराले का समजते." तिच्या डोळ्यांपुढं काकी होती, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की माझी पेटी माझ्या आईनं दिली.

मी ठाण्यापर्यंत मागं गेले. शेंदूर लावायच्या आधी हिसकावून पळायचं असं मनाशी ठरवलं होतं. एकदा शेंदूर लागला की वस्तू माणसाची राहात नाही, हे मलाही माहीत होतं. आमच्यात रस्त्यातल्या दगडाला शेंदूर लागला तरी तो कुणी उचलत नाही. पण माणसं फार होती. भूमकानं तेलात कालवलेल्या शेंदरात बोटं बुडवली आणि वाघवाल्याच्या कपाळापासून खाली ओढली. संपलं.

मी रडले नाही. रडायचं कुणापुढं?

संध्याकाळी बा शेतातून आला. त्याला वाटेतच सगळं कळलं होतं, ठाण्यावरून भूमकाला भेटूनच तो घरी आला. हातपाय धुऊन माझ्याजवळ बसला, डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "देवानं घेतली, आपन का करावं? अन् पाह्य, भूमक म्हनते, ज्या घरून देव आला त्या घरच्या कुवाऱ्या पोरीनं रोज दिवा लावाचा. तिचं लगन होयेपर्यंत. खंड पडला का मोठा पुन्हा येते."

"मंग सावली?" मी विचारलं.

"माह्या हातात का हाये, बाई?" बा म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका पडलेला होता की मला त्याचीच कीव आली.

त्या दिवसापासून दिवस मावळायला आला की मी टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, वात आणि काडेपेटी घेऊन सीमेवर जायची. पोरीच्या जातीला सावलीला पाठवणं धोक्याचं होतं. त्याच पोरीला ऐन दिवेलागणीला, ज्या बाजूनं वाघ आला त्याच बाजूला, एकटीला पाठवणं धोक्याचं नव्हतं. देव पाठीशी होता ना. वाऱ्यानं वात विझायची, मी पुन्हा लावायची. समोर माझी स्वतःची पेटी आणि तिच्यावर तो. मी त्याच्याशी भांडायची. तू दुधावर राहणाऱ्या वाघावर बसतोस, म्हणायची, या वाघाचं तुला काय ठाऊक. उठ आणि जा की डोंगरावर, समुद्रावर. तुला कोण अडवतंय?

आणि वाघ आला नाही. जंगलखात्याचा एक शिपाई म्हणाला, तो नदी उतरून पलीकडे गेला. पण शिपायाचं कोण ऐकतो? गावानं पाहिलं होतं: पेटी बसली, वाघ गेला. मग एकेकाला माझी चित्रं आठवली. शेजारचा भाऊ आला, म्हणाला, "एक फोटो दे वं, गोठ्यात लावतो." मी नाही म्हटलं तर मायनं सुपातून काढून दिलं. दुसरा आला, तिसरा आला. ज्या चित्रांसाठी मी शाळाभर हुज्जती घातल्या ती गोठ्यागोठ्यात खांबाला चिकटली, शेणाच्या हातांनी. पुलावरून उडी मारणारा पाटलाच्या म्हशींपुढं, दरोडेखोरांवाला कोतवालाच्या बकऱ्यांपुढं. माझी संपली तेव्हा लोक सावलीच्या बाजारात जाऊन 'वाघोबाच्या गोळ्या' मागायला लागले. दुकानदार आधी हसला आणि मग पुडे वाढवून आणायला लागला. चित्र गोठ्यात आणि गोळ्या पोरांना. दोन बाजारांत गावातल्या पोरांचा गोळ्यांचा सोस मिटला. आणि गंमत बघा, पुडा फोडला की लोक चित्र घेऊन माझ्याकडे यायचे. "असली हाये का पाहून दे वं, बाई." अनवाणी वाघवाला गोठ्यात चालत नाही असं आता ठरलं होतं. जे गाव मला वेडी म्हणत होतं ते सारं गाव आता कागदं जमवत होतं. मी बूट पाहून द्यायची. पाहताना चांगलं चित्र दिसलं की ते परत करायला अजून वेळ लावायची, तेवढाच काय तो जुना रोग.

सावलीची शाळा उघडायच्या आधी गुरुजी माझा दाखला घेऊन घरी आले. मी दाराआड उभी होते. म्हटलं, हे शिकलेले आहेत, शहराकडचे आहेत, हे बोलतील. बानं त्यांना चहा दिला, भूमकाचं म्हणणं सांगितलं आणि म्हणाला, "देवाचं काम हाये, गुरुजी. माह्या हातात का हाये?" गुरुजींनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो, गावाच्या विरोधात कसं जाणार." कपबशी खाली ठेवली आणि गेले. त्यांना त्याच गावात नोकरी करायची होती. मामानं चांद्याहून येऊन एकदा आवाज चढवला, तर माय म्हणाली, "उद्या कोनाच्या घरचं मानूस गेलं तं माह्या पोरीचं नाव घेतीन." मामा त्याच दिवशी परत गेला. त्यानं गठ्ठे आणणं मात्र सोडलं नाही. मी आज चार ओळी लिहिते त्या चौथीच्या आणि त्या गठ्ठ्यांच्या भांडवलावर.

पावसाळे गेले. झाकणावर शेंदराचे थर चढत गेले. आधी त्याचा चेहरा गेला, मग तुरा, मग वाघाचे पट्टे. माझा भाऊ चौथी पास झाला आणि कापडी पिशवी घेऊन आत्याकडे सावलीला गेला. त्याला पेटी लागली नाही. मुलाला कसलाच दिवा लावावा लागत नाही. सुटीत आला की तो मला इंग्रजी अक्षरं म्हणून दाखवायचा आणि मी त्याला पाठीत धपाटा घालायची. त्याला वाटायचं लाडानं घालते.

मग माझं लग्न ठरलं. रोज वाघोबाला दिवा लावणारी पोरगी म्हणून सासरच्यांना मी फार पसंत पडले. पोरीनं गाव राखलं, असं बैठकीत कुणी तरी म्हणालंसुद्धा. आमच्याकडे लग्नाआधी गावातल्या सगळ्या देवांना हळद-तेल चढवायचं असतं. त्यासाठी बायांबरोबर मी ठाण्यावर गेले. भूमक तिथंच होता, आता बराच वाकलेला. बाया गाणी म्हणत पुढं निघाल्या तेव्हा मी मागं थांबले. मनात एकच होतं. आपण सुटलो, आता या दिव्याला दुसऱ्या कुठल्या पोरीला जुंपणार?

"बाबा, आता दिवा कोन लावन?" मी विचारलं. "दुसरी कुवारी पोर पाहा लागन."

"कुवारी कशाले?" भूमक म्हणाला. "कोनी बी लावन. म्हातारं लावन, पोरगा लावन. मी लावन."

मला आधी वाटलं त्याला आठवत नसेल, वय झालं. मी म्हटलं, "तुम्हीच तं म्हनले होते नं, कुवाऱ्या पोरीनंच लावाचा, खंड पडला का मोठा येते?"

"मी?" त्यानं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "मी काऊन म्हनीन? मी तं तुह्या बापाले म्हनलो, पाळीपाळीनं लावू गा, घराघरानं. तुह्या बापानंच म्हनलं, नाई, माही पोरगी लावन. तिची लय इच्छा हाये म्हने." मग तो हसला, दात नसलेलं, प्रेमाचं हसणं. "गुणाची पोर. मी सगळ्याईले सांगतो."

मी घरी कशी आले मला ठाऊक नाही. अंगणात मांडव उभा राहत होता. बा बाजेवर उभा राहून वर जांभळीच्या डहाळ्या बांधत होता, माणसं खालून देत होती. मी एक डहाळी उचलून त्याच्याजवळ गेले आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं. भूमक म्हणाला नव्हता, तर तू का सांगितलंस?

त्यानं डहाळी घेतली. ओरडला नाही, दचकलाही नाही. सुतळीची गाठ मारता मारता, नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाला, "तुले सावलीले धाडाचंच नव्हतं. पन तुह्या मामाले तोंडावर नाई कसा म्हनू? अन् मी नाई म्हनलो असतो तं तू रडून रडून घर डोक्यावर घेतलं असतं. देवाचं नाव घेतलं तं पाह्य, एक दिवस रडली नाई." आणि खालच्या माणसाला म्हणाला, "आन गा, आनखी एक दे."

मी तिथंच, मांडवाच्या खांबाला धरून रडायला लागले. इतकी वर्षं साठलेलं सगळं एकदम आलं, थांबवता येईना, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. बाया आतून धावत आल्या. बा बाजेवरून उतरला, त्याचेही डोळे भरले होते, आणि तो माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागला. बायांनी आम्हा दोघांना पाहिलं आणि त्यांनीही पदर डोळ्यांना लावले.

"पाह्य वं," एक जणी दुसरीला म्हणाली, "बापाचा केवढा लळा हाये पोरीले."